दहापैकी चार

अकोले तालुक्यातून मुलांकडे परदेशी निघालेल्या आईवडिलांच्या बॅगेचे दोन भाग असतात. एका भागात मुलासाठी खाणं, दुसऱ्या भागात स्वतःसाठी मेडिकल स्टोअर. खाण्यातला काळभात तांदूळ अमेरिकेचे कस्टमवाले खापरा भुंगेऱ्याच्या भीतीने काढून घेतात. दुबईला जाणाऱ्याने खसखस नेली तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं, कारण तिथे ती अंमली पदार्थांच्या यादीत बसते. अनारशांसाठी तुरुंगात जाणं आपल्या परंपरेत नाही, तेव्हा आजीबाईंनी तेवढं सांभाळावं. पण आज बोलायचं आहे ते बॅगेच्या दुसऱ्या भागाबद्दल.

आपला मेडिकलवाला मोठा सोयीचा माणूस. तो पूर्ण पट्टी घ्या म्हणत नाही. कात्रीने चार गोळ्या कापून देतो. औषधाचं नाव राहतं त्याच्या ड्रॉवरमधल्या तुकड्यावर, मुदतीची तारीख गेलेली असते आधीच्या गिऱ्हाइकाबरोबर, आणि आपल्या हातात उरतात चार चंदेरी फुगे. बीपीची बारकी पांढरी, शुगरची लांबट, पोटाची गुलाबी. या ओळखीवर माणूस अकोल्यात वीस वर्षं सुखाने जगतो. नेवार्कच्या विमानतळावर मात्र मूळ वेष्टण, डॉक्टरांची चिठ्ठी आणि साधारण नव्वद दिवस पुरेल इतकाच साठा लागतो. तिथल्या औषधाच्या दुकानात आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही. आणि चालली असती तरी ती वाचली कोणी असती?

आता गुरुजींकडे येऊ. गुरुजी म्हणजे कोणी एक नव्हेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, मुलगा न्यू जर्सीतल्या एडिसनला, गुडघे कुरकुरे, बीपी-शुगर सोबतीला, असे गुरुजी तालुक्यात पुष्कळ आहेत. हे वाचून प्रत्येकाला वाटेल की माझ्यावरच लिहिलंय. खुशाल वाटू द्या.

गुरुजींना दोन ठिकाणी आपल्या आजारांबद्दल विचारलं जातं. पहिलं ठिकाण एसटी स्टँड. तिथे नुसतं “काय गुरुजी, बरंय ना?” म्हणायची खोटी, की शुगर कोणत्या साली धरली, संगमनेरच्या डॉक्टरांनी कोणती गोळी बदलली, लोणीला तपासलं तेव्हा ईसीजीत काय निघालं, सगळी हकीकत मिळते. कोतूळची गाडी लागेपर्यंत मूळव्याधीवरही येऊन झालेलं असतं. दुसरं ठिकाण प्रवास विम्याचा फॉर्म. तिथे एजंट विचारतो, “आधीचा काही आजार?” आणि उत्तराची वाट न बघता “नाही”वर टिक करतो. गुरुजी चष्मा पुसत बसतात. हप्ता कमी बसतो. तालुक्यातला सर्वात आजारी माणूस सहीपुरता ठणठणीत होतो.

फॉर्मच्या बाकीच्या रकान्यांत मात्र कमालीचा काटेकोरपणा. पासपोर्टवर जिल्हा अहमदनगर, आधारवर दुरुस्त करून घेतलेला अहिल्यानगर. हे दोन जिल्हे एकच, हे कसं सिद्ध करायचं यावर दोन दिवस चर्चा. विदर्भातला अकोला वेगळा आणि प्रवरेकाठचं आमचं अकोले वेगळं, हे कॉल सेंटरच्या मुलीला पटवता पटवता गुरुजींचं बीपी वाढतं. पण ते बीपी फॉर्मवर नाहीच.

विम्याच्या बाबतीत एकेका देशाचा स्वभाव पाहण्यासारखा आहे. युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा हवा तर किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा दाखवल्याशिवाय दारात उभं करत नाहीत. कॅनडाने 2011 पासून आईवडिलांसाठी सुपर व्हिसा काढला. तिथे किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आणि निदान वर्षभराचा आरोग्य विमा सक्तीचा. अमेरिका मात्र पर्यटक व्हिसासाठी विमा मागतच नाही. घ्या नाहीतर नका घेऊ, म्हणते. सगळ्यात महाग दवाखाना ज्याचा, त्याचंच दार विम्याविना उघडं! दुकानदार फारच अगत्याने आत बोलवायला लागला की आपण खिसा चाचपतो, तो इथे चाचपावा. आणि सत्तरी ओलांडल्यावर मिळालेलं आयुष्मान वयवंदना कार्ड पाकिटात असलं तरी ते फक्त आपल्या देशातल्या रुग्णालयांत चालतं. गुरुजींनी ते सोबत नेलं होतं. लॅमिनेट करून.

अमेरिकेत पाहुण्यांसाठी मिळणाऱ्या विम्यात ढोबळमानाने दोन जाती. एक स्वस्त: अमुक तपासणीला अमुक डॉलर, खाटेला दिवसाचे तमुक डॉलर, वरचं सगळं तुमचं. दुसरी महाग: ठरावीक रक्कम आधी तुम्ही भरा, मग कंपनी मर्यादेपर्यंत बिलातला मोठा वाटा उचलेल. मुलगा महिन्याला लाखोंची उलाढाल करतो आणि बापासाठी त्याच एजंटकडून पहिली घेतो. कारण “बाबांना काय होतंय तिथे? हवा किती स्वच्छ आहे.”

हवा खरोखरच स्वच्छ होती. तरी एका रात्री दोनच्या सुमाराला गुरुजींच्या छातीत भरून आलं.

गुरुजींनी आधी कोणाला उठवलं नाही. अंधारात चाचपडत ओवा शोधला. मग काकूंनी उठून हिंग कालवला. गॅस असणार, यावर दोघांचं एकमत झालं. आपल्या भागात छातीतल्या दुखण्याला पहिला हक्क गॅसचाच. हृदयाचा नंबर फार उशिरा लागतो. मग मुलगा उठला, सून उठली आणि गुरुजींनी ते वाक्य उच्चारलं: “सकाळपर्यंत बघू.”

या वाक्याला हसायचं असेल तर जरा थांबा. गुरुजींची निम्मी नोकरी तालुक्याच्या पश्चिमेला गेली. घाटघर, कुमशेत, फोफसंडी, तो सगळा पट्टा. आषाढातल्या रात्री तिथे कोणाला कळा आल्या, कोणाला पान लागलं, तर ओढा उतरेपर्यंत नाहीतर गाडी येईपर्यंत करायचं काय? झोळी करून माणसं खांद्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत यायचं, तिथून राजूर गाठायचं, राजूरला जमलं नाही तर अकोले, मग संगमनेर, मग नाशिक. प्रत्येक थांब्यावर “पुढे न्या.” डोंगरातल्या ठाकर-महादेव कोळी म्हाताऱ्याला पँटवाल्या डॉक्टरची भाषा, कागद, लिफ्ट हे सगळं परकंच होतं; त्याला परदेशी दवाखान्यासाठी विमान लागलं नाही. 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका आली, मोफत आली, ती कित्येकांना वेळेत पोहोचवते. पण तिलाही रस्ता लागतो आणि तिला बोलवायच्या फोनला रेंज. सकाळपर्यंत बघणं हा त्या भागात अडाणीपणा नव्हता, तोच एक उपचार हाताशी होता. ती सवय गुरुजींबरोबर एडिसनला गेली, एवढंच. फरक हा की एडिसनमध्ये रुग्णालय दहा मिनिटांवर होतं आणि विम्याच्या कागदावर घड्याळ लावलेलं होतं.

घड्याळ असं. पाहुण्यांच्या बहुतेक अमेरिकी पॉलिसी आधीच्या आजाराला हात लावत नाहीत. पण काहींत एक खिडकी ठेवलेली असते: जुना आजार अचानक, कसलीही पूर्वसूचना न देता उसळला, तर ठरावीक वयापर्यंत आणि ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे देऊ. अट इतकीच की सामान्यतः चोवीस तासांच्या आत डॉक्टरांकडे गेलं पाहिजे. म्हणजे दुखण्याने अचानक यावं, जोरात यावं, आणि माणसाने तडक उठावं. आपली दुखणी मात्र आधी चार दिवस अंगणात घुटमळतात.

सकाळ झाली. पण अजूनही दवाखाना नाही! न्यू जर्सीत उन्हाळ्यातले सकाळचे नऊ म्हणजे अकोल्यात संध्याकाळचे साडेसहा, म्हणजे ओपीडीची ऐन गर्दी. मुलाने गावच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला. डॉक्टरांचा एक हात पेशंटच्या मनगटावर, दुसऱ्या हातात मोबाईल. “गुरुजी, जीभ दाखवा.” गुरुजींनी जीभ काढली. ती डॉक्टरांनी पाहिली, कंपाउंडरने पाहिली, बाकावरच्या पाच-सहा जणांनी माना लांबवून पाहिली. एक जण म्हणाला, “सुकलेत गुरुजी.” दुसऱ्या दिवशी भाजी बाजारात ती जीभ सर्वांना ठाऊक होती. अमेरिकेत रुग्णाची माहिती जपण्यासाठी 1996 सालचा कडक कायदा आहे. मुलालाही आत थांबू द्यायचं का, हे तिथे रुग्णाला विचारतात. आपल्याकडे ते काम बाकावरची मंडळी सांभाळतात.

गावचे डॉक्टर शहाणे. त्यांनी एकच वाक्य सांगितलं: “आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीला न्या.” भारतात 2020 साली आलेल्या टेलिमेडिसिनच्या नियमांत परदेशात बसलेल्याला सल्ला देणं बसतच नाही, तरी त्या दिवशी सर्वात योग्य सल्ला त्या गर्दीतूनच आला. मधल्या काळात गुरुजींनी अंग ठणकतंय म्हणून स्वतःजवळची साडेसहाशेची डोलो घेतली होती आणि सुनेने मायेने वर टायलेनॉल दिली होती. दोन्ही डब्यांत एकच औषध. आपण त्याला पॅरासिटामॉल म्हणतो, अमेरिका अ‍ॅसिटामिनोफेन म्हणते. मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा, पुढे यकृताशी गाठ. एक सवयीने घेतलेली, दुसरी मायेने दिलेली, म्हणून कोणी हिशेब ठेवला नाही.

रुग्णवाहिका बोलवायची नाही, यावर पिता-पुत्रांचं एकमत. हे मात्र नुसत्या कंजूषपणाचं नव्हे. तिथे रुग्णवाहिकेचं बिल वेगळं येतं, आणि अचानक अंगावर पडणाऱ्या बिलांविरुद्ध 2022 पासून लागू झालेल्या कायद्यातून रस्त्यावरची रुग्णवाहिका वगळलेली आहे. तरीही छातीत दुखत असताना मुलाच्या गाडीतून जाणं हा जुगारच. जिंकला म्हणून शहाणपणा ठरत नाही.

आणि आता त्या नर्सबाईचा प्रश्न. “शून्य ते दहा, दुखणं किती?”

इथे अमेरिकेचं आरोग्यशास्त्र आणि आपली जिल्हा परिषद समोरासमोर आली. गुरुजींनी पस्तीस-छत्तीस वर्षांच्या नोकरीत कोणाला दहापैकी सातच्या वर गुण दिले नव्हते. दहापैकी दहा म्हणजे चुकीला वावच नाही. तसं दुखणं त्यांच्या मते अजून कोणाला झालंच नसेल. शिवाय दुखण्याला जास्त गुण दिले तर बिल वाढेल, हा हिशेब मनात. गुरुजी गंभीरपणे म्हणाले, “चार.” नर्सने चार लिहिलं. त्यांच्या कपाळावरच्या घामाला कोणी विचारलं असतं तर त्याने नऊ सांगितले असते.

मुलगा दुभाषी होता. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या अमेरिकी रुग्णालयांना परभाषिक रुग्णासाठी मोफत दुभाष्याची सोय करावी लागते. मागितलं तर फोनवर मराठी माणूसही मिळू शकतो. पण “बाबांना मी सांगतो ना” हा आपला बाणा. बाबा चार मिनिटं बोलले. मुलाने सहा शब्दांत सांगितलं. बाबा म्हणाले, “एवढंच? सोमवारचं सांगितलंस का?” डॉक्टरांनी विचारलं, “सोमवारी काय झालं?” आणि गुरुजींचा बांध फुटला. एसटी स्टँड मिळालं ना शेवटी! तीन दिवसांपासून चमक येत होती. बीपी अमुक सालापासून. शुगर तमुक सालापासून. संगमनेरला ईसीजी. लोणीला टुडी इको. थोरल्या भावाला हाच त्रास. गोऱ्या डॉक्टरने एवढं मन लावून ऐकणारा पेशंट, माफ करा, एवढं मन लावून सांगणारा पेशंट पाहिला नव्हता. तो टंकत गेला, गुरुजी सांगत गेले. काकूंनी राहिलेलं भरलं.

त्यांनी खरं सांगितलं हे फार चांगलं केलं. त्यावरूनच डॉक्टरांनी वेळेत ओळखलं की हा गॅस नाही, आणि माणूस वाचला. पण तोच कागद विमा कंपनीने मागवला. “तीन दिवसांपासून” या दोन शब्दांनी चोवीस तासांची खिडकी बंद झाली. “अमुक सालापासून” या दोन शब्दांनी एजंटची टिक उघडी पडली. दावा नामंजूर. कंपनीवर आग पाखडायला मुलगा मोकळा आहे, आणि या धंद्याच्या बारीक अक्षरांबद्दल मलाही प्रेम नाही. पण फॉर्मवर सही आपली होती. चार हजारांचा हप्ता वाचवताना कुठला रकाना विकला, हे पाहायचं कोणी?

बिल पाच आकडी आलं. डॉलरमध्ये. डॉलर नव्वदीच्या घरात.

पैशावाचून दारातून परत पाठवतील अशी धास्ती मात्र धरू नये. इमर्जन्सीत आलेल्या माणसाला, तो कुठल्याही देशाचा असो, आधी तपासायचं आणि जीव स्थिर करायचा, पैशाचं मागाहून बघायचं, असा तिथे 1986 पासून कायदा आहे. मागाहून म्हणजे नक्की मागाहून, एवढं लक्षात ठेवावं. साधा ताप, कान, लघवीची जळजळ असलं काही असेल तर इमर्जन्सीऐवजी ‘अर्जंट केअर’च्या दवाखान्यात जावं, तिथे रोखीने साधारण दीडशे ते तीनशे डॉलरांत काम होतं. आधीपासून ठरवलेल्या तपासणीसाठी विमा नसलेल्या माणसाला लेखी अंदाजपत्रक मागता येतं, आणि बिल त्याच्या चारशे डॉलर वा अधिक वर गेलं तर तक्रारही करता येते.

आणि सर्वांत मोठी गंमत पुढेच आहे. तिथल्या बिलात घासाघीस चालते! कलमवार बिल मागा, रोखीचा दर विचारा, हप्ते मागा. ना-नफा रुग्णालयांना तर गरजूंसाठी सवलतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं. पाहुण्याला ती मिळेल की नाही हे त्या त्या रुग्णालयावर, पण अर्ज करायला पैसे पडत नाहीत. आठवडे बाजारात मेथीच्या जुडीवर पाच रुपयांसाठी अर्धा तास झुंजणाऱ्या आमच्या काकू, त्यांना एकदा त्या बिलिंग काउंटरवर न्यायला हवं होतं. पण मुलाला लाज वाटली. तो म्हणाला, “इथे तसं करत नाहीत, आई.” करतात. तिथलेच लोक करतात. नवे गेलेलेच तेवढे सभ्य राहतात.

मुलगी लंडनला असणाऱ्यांनी फार खूश होऊ नये. तिथे फिरायला आलेल्यालाही साध्या डॉक्टरला दाखवायला पैसे पडत नाहीत, अपघात विभागातही नाहीत. पण इंग्लंडमध्ये वॉर्डात दाखल केलं की मीटर सुरू, आणि पाहुण्याला ठरलेल्या दराच्या दीडपट. पाचशे पौंडांच्या वर थकवलं तर पुढचा व्हिसा अडू शकतो. इंग्रज आतिथ्य अपघात विभागाच्या दारापर्यंत पोहोचवायला येतं.

न्यू जर्सीशी आपलं वैद्यकीय नातं तसं जुनं. रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. हाताशी एक मिशनरी मासिक होतं, त्यात गोपाळराव जोशींचं पत्र. त्यातून पत्रव्यवहार वाढला आणि 1883 साली गोपाळरावांच्या पत्नी आनंदीबाई त्या बाईंच्या घरी उतरल्या. 1886 मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. परमुलखातल्या थंडीत बळावलेलं दुखणं क्षयावर गेलं आणि 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात त्या गेल्या. आपली पहिली डॉक्टर एका वेटिंग रूममधल्या मासिकामुळे घडली. हल्ली वेटिंग रूममध्ये मोबाईलवर रील बघतात. त्यातून कोणी डॉक्टर झाल्याचं ऐकलं नाही, दुखण्याचं निदान मात्र सगळ्यांना येतं.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. जुलैत शाळा बंद, म्हणून एडिसनची मंडळी अकोल्याला आली. रंध्याला भजी, भंडारदऱ्याला कणीस, कळसूबाईच्या पायथ्याला ताक. तिसऱ्या दिवशी नातवाला जुलाब. इथे फॉर्म नाही, नेटवर्क नाही, जन्मतारीख नाही. “कोणाचा रे तू?” एवढीच चौकशी. सरकारी रुग्णालयात नेलं असतं तर 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार फुकट. पण एनआरआय मंडळींना फुकटाची भीती वाटते, म्हणून खाजगीत. दोनशे रुपये. डॉक्टरांनी ओआरएस लिहून दिलं आणि घरी जा म्हणाले. त्यावर न्यू जर्सीत अँटिबायोटिकवर व्याख्यान देणारा मुलगा काय म्हणाला असेल? “डॉक्टर, एक सलाईन लावून टाका ना. लगेच तरतरी येईल.” म्हणजे चौदा वर्षांत काही विसरला नाही पोरगा. नोंद कुठेच नाही, काय दिलं ते दुसऱ्या डॉक्टरला कळायचं नाही, आणि मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय दोन गोळ्या जास्तीच्या कापून देणार. दोनशे रुपयांत हेही येतं.

निघताना मुलाने पावती मागितली. त्याची नोकरीतली पॉलिसी परदेशातल्या इमर्जन्सीचे पैसे परत करते म्हणे. डॉक्टरांनी लेटरपॅडवर “रु. 200 मिळाले” लिहून सही केली. मुलगा म्हणाला, “यावर आजाराचा कोड लागतो, डॉक्टर. कोडशिवाय तिकडे क्लेम घेत नाहीत.”

“कोड?” बाहेर पस्तीस पेशंट बसलेले. डॉक्टरांनी पेन उघडलं, घाईघाईने काहीतरी खरडलं आणि कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, 422601. अकोल्याचा पिनकोड.